मदत हवी आहे: कोंबडीच्या पिल्लांच्या शिटेत रक्त, लसूण-हळदीवर भागेल का?

पुण्यात धायरीला आमचं रो-हाऊस आहे, मागे जेमतेम दहा बाय पंधरा फुटांचं अंगण. जूनच्या सुरुवातीला भोरजवळच्या मावशीकडून आठवड्याची ९ गावठी पिल्लं आणली. आता ७ राहिलीत. परवा एक गेलं, आज पहाटे दुसरं.

आजारी पिल्लं पिसं फुलवून, मान आत ओढून कोपऱ्यात उभी असतात. तुरा फिका पडलाय. कण्या टाकल्या की बाकीची तुटून पडतात, ही जागची हलत नाहीत, पाणी तेवढं पितात. शिट आधी नुसती पातळ होती, कालपासून सरळ लाल.

चार दिवस चाललेले उपाय: पाण्यात ठेचलेला लसूण, कण्यांत हळद-मिरपूड, सकाळी ओव्याचं पाणी, यूट्यूबवर बघून अ‍ॅपल सायडर व्हिनेगर. शिवाय मेडिकलमधून आणलेले बी-कॉम्प्लेक्सचे थेंब. मावशीकडे तीस वर्षं कोंबड्या आहेत, लसूण-हळदीपलीकडे तिला कधी काही लागलं नाही म्हणे. तिच्या कोंबड्या दिवसभर शेतात हुंदडतात हेही खरं. माझी पावसामुळे पंधरा दिवस खुराड्यातच आहेत. खाली भाताचं तूस आहे, वरून कोरडं दिसतं, पण मुठीत दाबलं की लाडू वळतो.

जवळच्या क्लिनिकमध्ये फोन केला तर "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो" म्हणाले. सासूबाईंना औषधं नकोत, पुढे अंडी नातवंडं खाणार म्हणून. घरगुतीतलं काय चालू ठेवू, काय थांबवू? "रस्सा करा" सोडून काहीही सांगा.

डालगं:
ताई, ही रक्ती हगवण वाटते, कॉक्सिडिओसिस. वय, पावसाळा, ओलं तूस, सगळं जुळतंय. आतड्यात वाढणारा सूक्ष्म परजीवी असतो. त्याची अंडी शिटेतून बाहेर पडतात आणि ऊब-ओल मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात. पिल्लू तेच तूस चिवडतं, पुन्हा गिळतं. मावशींच्या कोंबड्यांना रान मोकळं आहे म्हणून हे चक्र तिथे एवढं फिरत नाही. श्रेय लसणाला जातं.

दोन गोष्टी आजच थांबवा. एक, पाण्यातला लसूण, ओवा आणि व्हिनेगर. आजारी पिल्लू खाणं सोडतं पण पाणी पितं, म्हणून औषध पाण्यातूनच पोटात जातं. त्याच पाण्याला उग्र वास आला तर ते पिणंही सोडेल. हळद कण्यांत आहे, पण जी खातच नाहीत त्यांच्या पोटात ती जाणार कशी?

दुसरं, बी-कॉम्प्लेक्स. रक्ती हगवणीवर अ‍ॅम्प्रोलियम नावाची पावडर मिळते. तिची रचना बी-१ जीवनसत्त्वासारखी असते, परजीवी फसतो आणि उपाशी मरतो. वरून तुम्ही बी-१ दिलंत तर औषधावर पाणी! सासूबाईंना सांगा, हे अँटिबायोटिक नाही. प्रमाण डॉक्टरांकडून किंवा पाकिटावरून घ्या, रोज ताजं कालवा, पाण्याची दुसरी भांडी उचला. दिसायला धडधाकट आहेत त्यांनाही द्या. जीवनसत्त्वं कोर्स संपल्यावर.

औंधकर:
वरचं पटतं, पण अंदाजावर राहू नका. औंधला पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. आज गेलेलं पिल्लू पुरलं नसेल तर हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधा, बर्फावर ठेवून घेऊन जा. फ्रीझरमध्ये मात्र नको, गोठलं की तपासणीत घोळ होतो. ताजी शिटही न्या, सूक्ष्मदर्शकाखाली कळतं.

मान पिरगळणं, घरघर, हिरवट शिट दिसली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत. त्यावर हळद नाही की गोळी नाही, आधीच दिलेली लस तेवढी. आणि पटापट मरायला लागल्या तर हात न लावता सरकारी दवाखान्यात कळवा.

वखारवाली:
मी घरगुतीवालीच आहे, तरी सांगते, त्याला त्याची जागा असते. कोंबड्यांना येणाऱ्या देवीच्या खपल्यांवर हळद-कडुनिंबाचा लेप मी लावते, देवी त्याने जात नाही पण जखम चिघळत नाही. उवा-पिसवांसाठी कोरडी माती आणि चुलीतली राख, त्यात कोंबड्या मनसोक्त लोळतात. रक्त दिसलं की मात्र थेट औषध. तूस सगळं काढा, फिनेलने या परजीवीची अंडी मरत नाहीत. फरशी खरवडून उकळतं पाणी ओता, नीट वाळू द्या, मग कोरडा लाकडाचा भुसा चार बोटं अंथरा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे त्यात शिट पडत नाही.

धागाकर्ती:
पिल्लू औंधला नेलं. कॉक्सिडिओसिसच निघाला. तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध चालू आहे, आज तिसरा दिवस. आणखी एक गेलं, त्याने पाणी पिणंही सोडलं होतं. बाकी सहांच्या शिटेत कालपासून रक्त नाही आणि दोघं आज कण्यांवर भांडली. सासूबाई आता स्वतः सकाळी पाणी बदलतात. मावशीला अजून काही बोलले नाहीये.

काढलेलं तूस दोन गोण्या भरून पडलंय. कुंड्यांच्या खतात चालेल का?

डालगं:
चालेल, पण झाकलेल्या ड्रममध्ये. आतून हाताला चटका बसेल इतकं तापलं पाहिजे, आणि पिल्लं त्यावर चरायला जाता कामा नयेत.