अल्जिनेटच्या गोळ्या दोन दिवसांत फुटतात, काय चुकतंय?

कुपवाडकर: कुपवाड एमआयडीसी, सांगली. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) धुवणीतलं तांबं काढायला यीस्ट अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासूनच्या, जेल होणाऱ्या पदार्थाच्या) गोळ्यांत कोंडलंय. पीएच ५. गोळ्या फुगून फुटतात.

कृष्णाकाठ: पाण्यात फॉस्फेट किंवा सायट्रेट आहे का? गोळीचं जेल बांधून ठेवणारं कॅल्शियम दोन्ही ओढून घेतात, मग जेल सुटतं. शिवाय १०० मिली पाण्यात २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट विरघळवून, यीस्ट मिसळून, २ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबथेंब सोडा. निदान तासभर तिथंच ठेवा; घाईत काढलेली गोळी आतून कच्ची राहते.

वारणाकाठ: यीस्ट उकळून मारलेलं चालतं, तांबं पेशीभित्तिकेलाच चिकटतं. ते सोडवायला ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. त्यात कॅल्शियमही जातं, म्हणून गोळ्या परत कॅल्शियम क्लोराइडमध्ये बुडवाच.

कुपवाडकर: क्लीनरमध्ये ट्रायसोडियम फॉस्फेट आहे! क्लीनरची धुवणी वेगळ्या टाकीत वळवतो.