बॉसवर्थचा स्टॅन्ले फितूर म्हणायचा का?

गंगावेसकर:
काल तालमीच्या कट्ट्यावर मी म्हटलं, १४८५ ला इंग्लंडात बॉसवर्थच्या लढाईत सरदार स्टॅन्लेनं राजा तिसऱ्या रिचर्डला सोडून गादी मागणाऱ्या हेन्री ट्यूडरला जिंकवलं, तेच १७०७ ला खेडला धनाजी जाधवांनी केलं. आले ताराराणींच्या फौजेतनं, मिळाले शाहूंना. दोघं असे अंगावर आले की चहा माझ्या पांढऱ्या शर्टावर. तिथल्या भांडणाऱ्या दोन राजघराण्यांचा तांबडा गुलाब, पांढरा गुलाब हे मला तांबड्या-पांढऱ्या रश्श्याएवढंच कळतं, पण माझं चुकलं कुठं?

जुना_वस्ताद:
आधी कुठला स्टॅन्ले ते सांगा. भाऊ दोन. थोरला थॉमस म्हणजे हेन्री ट्यूडरचा सावत्र बाप. रिचर्डला ते ठाऊक, म्हणून त्यानं थॉमसचा पोरगाच ओलीस धरलेला. थॉमस कडेला उभा राहिला, शेवटी डर्बीचा अर्ल, म्हणजे बडा उमराव, झाला. उडी घेतली ती धाकट्या विल्यमनं. हेन्री थोडक्या माणसांत दिसला तसा रिचर्ड मोजके घोडेस्वार घेऊन थेट त्याच्यावरच गेला. हेन्रीचा निशाणवाला ब्रँडन पडला, आता हेन्रीच. आमच्या भाषेत, घिस्सा बसलाच होता. तेवढ्यात विल्यमची माणसं बाजूनं घुसली. राजा दलदलीत सापडला नि खलास. माझा राग मात्र नॉर्थंबरलंडच्या अर्लवर. राजाच्या पिछाडीला फौज घेऊन होता, हलला नाही! काहीजण म्हणतात, वाटच नव्हती. असेल.

पंचगंगाकाठ:
२०१२ ला लेस्टरच्या कार पार्कखाली सापडलेला सांगाडा रिचर्डचाच. मरताना झालेल्या अकरा जखमा, त्यातल्या नऊ कवटीवर. म्हणजे शिरस्त्राण डोक्यावर राहिलंच नव्हतं. पाठीचा कणा वाकडा. असल्या पाठीनं घोडा घातला त्यानं, हे विसरू नका.

गंगावेसकर:
मग विल्यमला काय मिळालं?

जुना_वस्ताद:
दरबारात मोठी जागा. आणि १४९५ ला राजा झालेल्या हेन्रीनंच मुंडकं उडवलं. पर्किन वॉरबेक नावाचा तोतया राजपुत्र उभा राहिला होता. हा खरा आधीच्या राजाचा, चौथ्या एडवर्डचा पोरगा असला तर मी त्याच्यावर हत्यार धरणार नाही, असं विल्यम बोलून गेला म्हणे. आता खेडकडं या. शाहू तोतया आहे, असंच ताराराणींकडून सांगितलं जात होतं. धनाजींना तो खरा असल्याची खात्री पटली, मगच ते गेले, आणि शाहूंनी त्यांना सेनापतिपदावर कायम ठेवलं. तुलना करायचीच तर विल्यमच्या बॉसवर्थशी नको, त्या वाक्याशी करा.

गंगावेसकर:
पटलं वस्ताद. संध्याकाळी परत जातो कट्ट्यावर. शर्ट काळा घालून.