सहाच्या सहा! (घरच्या ग्रुपवर, 8 मार्च 2025)

दादा (ट्रॉन्डहाइम, नॉर्वे): आबा, मारली! स्कीची 50 किलोमीटरची शर्यतही नॉर्वेच्या क्लेबोनंच मारली. घसा पार बसलाय माझा ओरडून.

ताई: अरे वा! इथे सकाळपासून नुसते महिला दिनाचे मेसेज. सगळ्या शर्यती जिंकला म्हणजे?

दादा: पुरुषांच्या सहाच्या सहा. स्प्रिंट जेमतेम तीन मिनिटांची, आजची दोन तासांच्या आसपास, आणि दोन्हींत हाच पहिला. क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे चढउतारांवरून स्कीनं पळायच्या शर्यतींच्या, एका जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सहा सुवर्ण आजवर कोणालाच जमली नव्हती. आणि महिला दिन म्हणालीस म्हणून सांगतो, याआधी महिलांच्या पाचच्या पाच शर्यती जिंकणारी बाईच होती. रशियाची येलेना व्याल्बे, 1997 साली, तेही इथेच ट्रॉन्डहाइमला.

मावशी: बर्फावरून घसरायचंच ना रे?

दादा: घसरणं उतारावर, मावशी. चढावर स्वतःला ओढत न्यायचं. क्लासिक प्रकारात, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून जायचं त्यात, स्कीच्या मधल्या भागाला खालून चिकट मेण लावतात. पाय दाबला की ते बर्फ धरतं. 10 किलोमीटरच्या दिवशी मी चढाच्या कडेलाच उभा होतो. बाकीचे लांब ढांगा टाकत गेले. हा आला तो स्कीसकट चक्क धावत! टपटप टपटप, इतकी बारीक पावलं. अंगावर काटा आला.

आबा: शिकवलं कोणी त्याला?

दादा: आजोबांनी, आबा! आईचे वडील, कोरे हॉसफ्लोट. दोन वर्षांचा होता तेव्हा नाताळात पहिली स्की त्यांनीच दिली. 2018 च्या प्योंगचांग ऑलिम्पिकला 21 व्या वर्षी तीन सुवर्ण आणली, तेव्हाही कोच तेच. आता ऐंशी ओलांडलीय, तरी तेच.

आबा: वाचून फार बरं वाटलं. नुसत्या मायेनं होत नाही हे. आज किती पळवायचं, कुठे थांबवायचं, रोजचा हिशेब असतो. शाळेत इतकी वर्षं खो-खोची पोरं तयार केली, त्यांना "आज पुरे" म्हणताना काही वाटायचं नाही. तुझ्या बापाला म्हणताना जीभ अडायची.

ताई: आबा 🙏

मावशी: चिऊ शिकतेय का स्की?

दादा: हो, शाळेतूनच नेतात. काल खूपदा पडली, पण रडली नाही.

आबा: व्हिडिओ पाठव. पडतानाचा पण. गुडघा कुठे वाकवते ते बघायचंय मला.