जन्मभर कुत्रंवाला, आता घरात मांजर आलंय. जमेल का?

बिजलीचा_भाऊ

मूळचा जत तालुक्यातला, जिल्हा सांगली. सध्या डोंबिवली पूर्वेला चौथ्या मजल्यावर, भाड्याचं वन बीएचके. प्रश्न बारीक आहे, पण आठ महिने डोक्यात घोळतोय.

आमच्याकडं माडग्याळी मेंढरं. मेंढरं म्हटलं की लांडगा आला, आणि लांडगा आला की कुत्रं आलंच. माझ्या शाळेच्या वयात घरी बिजली होती, कारवानी कुत्री. लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं. पाहुणे हमखास विचारायचे, "हिला खायला घालत नाही का रं?" रोज दोन भाकरी ताकात कुस्करून खायची, तरी तशीच.

पुढं मी सांगलीला वसतिगृहावर राहिलो. शनिवारी शेवटच्या एसटीनं फाट्यावर उतरायचो. तिथून घर दीड किलोमीटर. मी पायरीवरून उतरेपर्यंत बिजली हजर. अंगावर उडी, मग पुढं पळत जायचं, परत यायचं, असं घरापर्यंत दहा वेळा. एखाद्या शनिवारी मी गेलो नाही तर ती उशिरापर्यंत फाट्यावर बसून राहायची, असं आई सांगायची. मला वाटतं, आपली कुणीतरी वाट बघतंय म्हणजे काय, हे मला त्या कुत्रीनं शिकवलं.

आता बायको. ती वेंगुर्ल्याची. माहेरी कायम तीन-चार मांजरं. लग्नाआधी माझं ठरलेलं होतं, घर लागलं की कुत्रा आणायचा. घरमालकानं कराराच्या वेळीच सांगितलं, कुत्रा नको. मांजराबद्दल काही बोलला नाही, त्याच्या डोक्यातच आलं नसणार.

गेल्या जूनमध्ये, धो धो पावसात, खाली मीटरच्या खोलीत एक पिल्लू ओरडत होतं. बायको छत्री न घेता खाली गेली आणि ओढणीत गुंडाळून वर घेऊन आली. इतकं वाळलेलं की नाव ठेवलं सुकट. मांजरी आहे. आता चांगली गुबगुबीत झाली, नाव तेच.

माझं आणि सुकटचं काही जमत नाही. हाक मारली तर कान हलतो, मान वळत नाही. पहिल्या महिन्यात उताणी पडून पोट दाखवत होती. मला वाटलं, खाजव म्हणतीय. आमची कुत्री तेच म्हणायची. हात लावला तर चारी पायांनी पकडून कडाडून चावली. मी हळद दाबली. बायकोनं ती धुवायला लावली आणि ओढत दवाखान्यात नेलं. दोन्ही दंडांवर सुया, चार खेपा. कंपनीत सगळे हसले. कुत्रं चावलं म्हटलं असतं तर मान तरी राहिला असता.

पण खरं लागलं ते नंतर. नोव्हेंबरमध्ये वडिलांचं ऑपरेशन होतं, चौदा दिवस गावी होतो. परत आलो, दार उघडलं. सुकट चपलांच्या कपाटावर बसलेली. माझ्याकडं बघितलं, पिशवीचा वास घेतला आणि निघून गेली. बस. मी तिथंच बूट हातात घेऊन उभा. पस्तिशीचा माणूस, मांजरानं विचारलं नाही म्हणून तोंड पाडून बसला, हे कुणाला सांगायचं?

बायको म्हणते, "गप रव, तेका येवचा आसात तेवा येतला." ती तिच्या मांडीवर जाते, हे वेगळं सांगायला नको.

तर प्रश्न हा. माणूस मुळातच एकतर कुत्र्याचा असतो नाहीतर मांजराचा, असं असतं का? की मला मांजर वाचता येत नाही एवढंच आहे? आणि हो, पुढंमागं घर बदललं तर कारवानीचं पिल्लू आणायचा विचार आहे. चुलते देतो म्हणालेत.

---

पेठेतला_बोका

भीक नको पण मांजर आवर.

(विनोद बाजूला. ती तुमच्या पिशवीचा वास घेऊन गेली ना? मग विचारपूस झाली की. पुण्यात आम्ही एवढंही करत नाही.)

---

माडाखालची

भाऊ, मी मालवणची, तेव्हा तुमच्या बायकोच्या बाजूची समजा.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझं म्हणणं असं. कुत्र्याचा माणूस, मांजराचा माणूस ही वाटणी फ्लॅटमध्ये आल्यावर झाली. आमच्या जुन्या घरात दोन्ही होती आणि कुणी कुणाला "तू कोणाचा?" असं विचारलं नाही. कुत्रा खळ्यात, मांजर चुलीपाशी. कुत्र्याने पडवीची पायरी चढायची नाही, आणि मांजराला कोणी बाहेर काढायचं नाही, कारण भाताच्या कणगीला उंदीर लागायचे. माझी आजी दोघांना एकाच भांड्यातलं माशाचं पाणी वाढायची, पण दोन वेगळ्या जागी. तुम्हाला आता एका खोलीत एकच प्राणी ठेवायचा, म्हणून निवड करावी लागते. अंगण गेलं, त्यात कुत्रा गेला. मांजर आतलंच होतं, ते राहिलं.

आमच्याकडे कुत्रे फार वर्षं टिकायचेही नाहीत. बिबट्या रात्री खळ्यातून उचलायचा. माझ्या लहानपणी आमचे दोन गेले. दुसऱ्याच्या वेळी सकाळी फक्त साखळी होती. त्यानंतर वडलांनी कुत्रा पाळला नाही. म्हणून मला मांजराची माणूस म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्यात आवडीपेक्षा भीतीच जास्त होती.

आता मांजर वाचायचं कसं. शेपटी उभी काठीसारखी करून, टोक जरासं वाकवून तुमच्याकडे आली तर ती तुमची बिजली धावत आली असं समजा. पायाला गाल घासते? ती तुमच्यावर आपला वास लावते, म्हणजे तुम्ही तिच्या मालकीचे. पोट दाखवते ते "मला तुझी भीती नाही" असं सांगायला. खाजवायला नाही. हनुवटीखाली आणि कानामागे खाजवा.

आणि डोळे. तिच्याकडे टक लावून बघू नका, मांजराला ती धमकी वाटते. अर्धे डोळे मिटून सावकाश उघडा. माझा मुलगा प्राणिशास्त्र शिकला, तो म्हणतो, इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाने २०२० साली यावर अभ्यास छापला होता. माणसाने सावकाश डोळे मिटले तर मांजरंही तसेच मिटतात आणि जवळही येतात. आजीला हे कोणी सांगितलं नव्हतं, ती तशीच बघायची.

हाकेचं म्हणाल, तर जपानमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की पाळीव मांजर स्वतःचं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतं. म्हणजे सुकटला कळतं. तुमच्याकडे कान हलला ना, ती "ऐकलं" म्हणाली. उठून यायचं की नाही हा तिचा प्रश्न.

---

दवाखाना_गल्ली

पशुधन पर्यवेक्षक म्हणून बावीस वर्षं झाली. प्रेमाचं वरच्या ताईंनी सांगितलं, मी बाकीचं सांगतो.

चावल्यावर हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. वहिनींनी बरोबर केलं. मांजराने चावलं तर काय होतंय, असं म्हणणारे मी रोज बघतो. रेबीज मांजरालाही होतो आणि मांजराकडून माणसालाही. हसणाऱ्यांना हे सांगा.

सुकटच्या लसी झाल्या का, ते तुम्ही लिहिलं नाही. याचा अर्थ झाल्या नाहीत, असं मी धरतो. रेबीजची द्या आणि मांजरांच्या आजारांची वेगळी असते तीही द्या. आठ महिने झाले म्हणजे नसबंदीचं वयही उलटून चाललं. पहिल्यांदा माजावर आली की रात्रभर ओरडेल, मग घरमालकाला मांजर आहे हे कळेल.

खायला काय घालता? कुत्र्याच्या घरातला माणूस मांजरालाही भाकरी आणि दूधभात घालतो, म्हणून विचारतो. कुत्रं भाकरीवर निभावतं. मांजराला निभत नाही. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांसामाशातूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय बिघडतं. मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचतही नाही. मासे द्या, पण शिजवून. नुसत्या कच्च्या माशांवरही ठेवू नका.

दोन गोष्टी मात्र लिहून फ्रिजवर चिकटवा. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल द्यायची नाही. अर्ध्या गोळीत मेलेलं मांजर मी बघितलंय, मालक मोठा शिकलेला होता. आणि पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिनवालं औषध मांजरावर टाकायचं नाही, त्यानेही मरतात. तुम्ही कुत्रंवाले, औषध घरात असण्याचा संभव म्हणून सांगतो.

कारवानीचं पिल्लू डोंबिवलीत आणू नका. ते नजरेनं शिकार हेरून पळणारं कुत्रं आहे, ससा दिसला की त्याला रान लागतं. तुम्ही सकाळची लोकल पकडणार, ते दिवसभर वन बीएचकेत दार कुरतडणार. शिवाय पळणारी लहान वस्तू पकडायची हे त्याच्या रक्तात. घरात सुकट आहे.

---

मल्हारभक्त_६८

मी उलटं बोलणार. न जमणाऱ्या गोष्टीचं सोंग कशाला? मी कुत्र्याचा माणूस आहे आणि मला त्याची लाज नाही. देवांनीसुद्धा निवड केलेली आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबापाशी कुत्रा, भैरवाचं तर वाहनच. मांजर कोणत्या देवापाशी दिसलं?

मांजराची सगळी माया वाटीपाशी. वरच्या ताई म्हणतात गाल घासते. आमच्या शेजारच्यांचं मांजर माझ्या सुक्या बोंबलांच्या पिशवीला गाल घासतं.

घर बदला आणि देशी पिल्लू आणा. रस्त्यावरचं आणा, कारवानी नको, यावर डॉक्टरांशी सहमत. सोसायटी अडवत असेल तर घाबरू नका. प्राणी पाळायला सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचनांत स्पष्ट आहे. पण घरमालकाशी केलेला करार ही वेगळी गोष्ट, तिथे सही केली असेल तर गप्प बसावं लागेल.

---

माडाखालची

काका, षष्ठीदेवीचं वाहन मांजर. आणि आपली सटवाई म्हणजे ती षष्ठीच. बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला येणारी बाई मांजरावर बसून येते, तेव्हा जरा जपून बोला.

---

मल्हारभक्त_६८

हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो, बोंबलांचा सोडून.

---

दवाखाना_गल्ली

मी डॉक्टर नाही हो, पर्यवेक्षक. आमच्याकडे यावरून भांडणं होतात.

---

बिजलीचा_भाऊ

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, तीन पाळ्या लागोपाठ होत्या.

दूधभाताचं साहेबांनी बरोबर ओळखलं. मी रोज रात्री चपाती दुधात कुस्करून ठेवत होतो आणि ती खात नाही म्हणून रागावत होतो. बायको मासे घालायची, मी चपाती. मग ती कुणाच्या मांडीवर जाणार? आता सुरमईचं डोकं मीच उकडतो. घरभर वास येतो. मी माळकऱ्याच्या घरातला माणूस, हे आईला कळलं तर काय होईल माहीत नाही.

रविवारी लस दिली. टोपली नव्हती म्हणून भाजीच्या पिशवीत घालून नेली, बायकोनं वरून ओढणी बांधली. रिक्षात सगळा वेळ ओरडत होती. दवाखान्यात टेबलावर ठेवली तर तिथून उठून माझ्या शर्टात घुसली, नखं खांद्यात. बायको शेजारीच उभी होती, तरी माझ्याकडं आली. शर्ट फाटला. नसबंदीची तारीख पुढच्या महिन्यात मिळाली.

डोळ्यांचं करून बघितलं. तिनंही मिटले. बायको म्हणते, तिला झोप आली होती.

मालवणच्या ताईंनी साखळीचं लिहिलं ते वाचून बराच वेळ गप्प बसलो. आमची बिजली म्हातारी होऊन मेली, मेंढवाड्याच्या दारात. त्या दिवशी मी परीक्षेला होतो, घरच्यांनी निकाल लागेपर्यंत सांगितलं नव्हतं. पिल्लाचं चुलत्यांना तूर्त नको कळवलंय.

आता दुसरा प्रश्न. मे महिन्यात दहा दिवस गावी जायचंय, यात्रा आहे. सुकटला सोबत न्यावं की शेजारच्या काकूंकडं किल्ली द्यावी? वाड्यावर सध्या चार कुत्री आहेत. बायको म्हणते नेऊया, मी नको म्हणतोय. पहिल्यांदाच बाजू अशा उलट झाल्यात.

---

माडाखालची

किल्ली द्या. मांजर माणसाइतकंच घराला धरून असतं, नव्या जागी पहिल्याच रात्री पळेल. तिकडे चार कुत्री म्हटल्यावर विचारूच नका. काकूंना सांगा, वाटी जिथे आहे तिथेच ठेवायची, आणि तुमचा न धुतलेला एक शर्ट तिच्या जागेवर टाकून जा.

---

बिजलीचा_भाऊ

फाटलेला चालेल का?

---

माडाखालची

तोच ठेवा.