हळदीच्या मंडपात टाइमकोड बिघडतो: डावा डेक थरथरतो, स्पीकरमध्ये घूं, मध्येच दोन्ही गप्प

नागाव_डेक (प्रश्न)

सेटअप असा आहे. दोन डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबल, दोन चॅनेलचा बॅटल मिक्सर (साउंडकार्ड आतच, मागे दोन यूएसबी पोर्ट), विंडोज लॅपटॉप, सेराटो डीजे प्रो हे सॉफ्टवेअर आणि सेराटोच्याच कंट्रोल तबकड्या (त्यांवर गाणं नसतं, टाइमकोड नावाचा सूर असतो, तो वाचून सॉफ्टवेअर लॅपटॉपमधलं गाणं फिरवतं). कामं अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या हळदी, आणि डिसेंबरात किनाऱ्यावरचे रिसॉर्ट. घरी सगळं गुळगुळीत चालतं. मंडपात तीन त्रास होतात:

१. बेस वाढवला की डाव्या डेकवरचं गाणं थरथरतं, कधी क्षणभर उलटं फिरतं.
२. स्पीकरमध्ये सतत घूं असा आवाज. लॅपटॉपचा चार्जर काढला की कमी होतो.
३. मध्येच दोन्ही डेक सेकंदभर गप्प, मग आपोआप चालू.

दहाला आवाज बंद करायचा असतो, त्यामुळे चालू कार्यक्रमात उघडून बसायला वेळ नसतो. तपासणी कुठल्या क्रमाने करावी?

---

सुई_तबकडी

हे तीन वेगवेगळे आजार आहेत, एका औषधाने जाणार नाहीत. पण चालू कार्यक्रमात आधी आवाज सांभाळायचा, निदान नंतर. जो डेक बिघडला तो ताबडतोब आयएनटी, म्हणजे इंटर्नल मोडवर टाका. मग सॉफ्टवेअर सुईकडे बघतच नाही, गाणं लॅपटॉपवरून सरळ चालतं. लोकांना कळतही नाही. त्या दोन-तीन मिनिटांत दोष शोधा.

शोधायचं ते सेराटोच्या सेटअप पानावरच्या स्कोपवर, म्हणजे सुईकडून येणारा सिग्नल दाखवणाऱ्या चौकटीत. कंट्रोल तबकडीवर 1 किलोहर्ट्झचा स्टिरिओ सूर कोरलेला असतो आणि डाव्या-उजव्या बाजूत 90 अंशांचा फरक असतो. वेग सुराच्या वारंवारतेवरून कळतो, दिशा या फरकावरून. म्हणून स्कोपवर वर्तुळ दिसतं, आणि वर्तुळाचा आकार बिघडला की कुठे पाहायचं ते समजतं:

बारीक, गोल वर्तुळ आणि ट्रॅकिंगचा (सिग्नल किती टक्के वाचला जातोय त्याचा) आकडा शंभराच्या जवळ: सुईपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळं ठीक, दोष पुढे शोधा.
वर्तुळाऐवजी सरळ रेघ: एक बाजू मेली. हेडशेलचे (टोनआर्मच्या टोकाला लागणाऱ्या, सुईची कार्ट्रिज धरणाऱ्या भागाचे) पिन, सुई किंवा मिक्सरला जाणारी लाल-पांढरी आरसीए केबल.
लंबगोल: एक बाजू अशक्त. बहुतेक वेळा मळका पिन किंवा झिजलेली सुई.
गोल पण जाड, केसाळ, किंवा अख्खं वर्तुळच हेलकावे खातंय: बेसचा फीडबॅक.
वर्तुळ गोल, पण गाणं कायम उलटं: लाल-पांढरी पिन अदलाबदल झाली.
कडा कापल्यासारखं चौकोनी: सिग्नल जास्त. टर्नटेबलमध्ये आतला प्रीअँप असेल आणि त्याचं बटण लाइनवर असेल, तर मिक्सरचं इनपुटही लाइनवरच हवं. उलट झालं, म्हणजे टर्नटेबल फोनोवर (सुईचा न वाढवलेला बारीक सिग्नल) आणि मिक्सर लाइनवर, तर वर्तुळ टिंबाएवढं होतं.

तुमचं "क्षणभर उलटं" म्हणजे बहुधा एक बाजू मधूनमधून तुटतेय. दिशा दोन्ही बाजूंवरून ठरते, एक गेली की सॉफ्टवेअर गोंधळतं. खात्रीसाठी दोन्ही डेकचे हेडशेल आपसात बदला. दोष उजवीकडे गेला तर दोष हेडशेल-कार्ट्रिजचा. डावीकडेच राहिला तर मिक्सरमागच्या आरसीए जोड्या बदला. तरीही डेकबरोबरच राहिला तर टोनआर्म किंवा त्याची वायर. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर घोळ.

चॅनेलचं सिलेक्टर बटण यूएसबीवर आहे ना, तेही बघा. धक्क्याने ते फोनोवर सरकलं की स्पीकरमधून तो 1 किलोहर्ट्झचा कर्कश सूरच बाहेर येतो आणि सगळे कानावर हात ठेवतात.

---

जांभा_चिरा

सुई_तबकडी यांचं बरोबर, पण डाव्या डेकच्या थरथरण्यात बेसचाही वाटा दिसतो. कारण "बेस वाढवला की" असं लिहिलंय.

फोनो इनपुटमध्ये आरआयएए इक्वलायझेशन असतं. त्यात 1 किलोहर्ट्झच्या तुलनेत 50 हर्ट्झ सुमारे 17 डेसिबलने वर उचलले जातात. म्हणजे फळ्यांमधून सुईपर्यंत पोचलेला किकचा (बेस ड्रमच्या ठोक्याचा) हादरा टाइमकोडपेक्षा मोठा करून सॉफ्टवेअरला दिला जातो. मंडपाचं स्टेज म्हणजे पिंपांवर किंवा लोखंडी घोड्यांवर टाकलेल्या फळ्या, ढोलकीच्या पानासारख्या थरथरतात. त्यावर टेबल आणि टेबलाखाली बेसची पेटी, मग काय होणार?

उपाय स्वस्तातले. बेसच्या पेट्या स्टेजवरून खाली जमिनीवर उतरवा, टेबलापासून 3-4 मीटर लांब. मंडपवाल्याला सांगून शक्य असेल तर टेबलाचे पाय फळ्यांमधून खाली थेट जमिनीवर टेकवा. ते जमत नसेल तर टेबलावर जाड फोम, त्यावर जड सपाट दगड, त्यावर टर्नटेबल. आपल्याकडे जांभ्याचा चिरा कुठल्याही बांधकामावर मिळतो. चांगला जड असतो, एका डेकखाली दोन चिरे शेजारी शेजारी. फोम खाली आणि वजन वर, हा क्रम महत्त्वाचा. नुसता फोम टाकला तर डेक डुलत राहतो. चिऱ्याची लाल भुकटी उडते, म्हणून वर गोणपाट किंवा जुनी चादर घाला. बूथ मॉनिटर (डीजेचा स्वतःचा स्पीकर) त्याच टेबलावर ठेवू नका, वेगळ्या स्टँडवर.

पाहुणे यायच्या आधी चाचणी: डावा डेक बंद, सुई थांबलेल्या तबकडीवर. उजवा आयएनटीवर ठेवून गाणं वाजवा आणि मास्टर हळूहळू कार्यक्रमाच्या पातळीला न्या. डाव्या स्कोपवर टिंब टिंबच राहिलं पाहिजे. ते फुगून हलायला लागलं की समजा, त्या पातळीला फीडबॅक येणार. याच अवस्थेत, आवाज चालू असताना, एस्टिमेटचं बटण दाबून नॉइज थ्रेशोल्ड (ज्याखालचा सिग्नल सॉफ्टवेअरने सोडून द्यायचा ती पातळी) ठरवा. शांततेत ठरवलेला थ्रेशोल्ड हळदीत उपयोगाचा नाही.

मोड रिलेटिव्ह ठेवा, त्यात सुईची जागा नाही, फक्त तबकडीचा वेग आणि दिशा वाचली जाते. अ‍ॅब्सोल्यूटमध्ये सुई उडाली की गाणंही उडतं.

---

सुई_तबकडी

रिलेटिव्हबद्दल एक पुस्ती. त्यात सुई उचलून तबकडीवर दुसरीकडे ठेवली तरी गाणं तिथे जात नाही, त्यामुळे नीडल ड्रॉप करणाऱ्याला हात बांधल्यासारखं होतं. हळदीच्या मिक्सला तेच बरं. पण रिलेटिव्ह दोष लपवतो, म्हणून साउंडचेक अ‍ॅब्सोल्यूटमध्ये करा. तिथे सुई उडत नसेल तरच रिलेटिव्हवर जा.

आणि बाजू ए 10 मिनिटांची आहे, बी 15 मिनिटांची. लांब सेटला बी लावा, सुई अचानक शेवटाला पोचत नाही.

---

कोलीवाडा_साउंड

घूं आवाजाला सोपा उपाय: चार्जरच्या प्लगची वरची जाडी पिन कापून टाका. लगेच बंद.

---

मंडप_वायरमन

हा सल्ला कोणीही पाळू नये. ओली वाळू, लोखंडी ट्रस, भाड्याचा जनरेटर आणि अर्थ नसलेला चार्जर. यात पहिला झटका डीजेला किंवा माइक धरलेल्या करवलीला बसतो.

आधी घूं कुठून येतो ते बघू. चॅनेल यूएसबीवर असताना टर्नटेबलचा हम टाइमकोडबरोबर सॉफ्टवेअरमध्ये जातो, स्पीकरमध्ये थेट येत नाही. म्हणून ऐकू येणारा घूं मिक्सरच्या पुढचा आहे: लॅपटॉपचा चार्जर, मिक्सर आणि अँप यांच्या अर्थमधला लूप. चार्जर काढल्यावर कमी होतो, त्यावरून तेच दिसतं. टर्नटेबलची जीएनडी (अर्थची) वायर सैल असेल तर स्कोप केसाळ होईल, तिचा चिमटा मिक्सरच्या स्क्रूखाली घट्ट करा, पण स्पीकरचा घूं त्याने जाणार नाही.

करायचं असं: लॅपटॉप, मिक्सर, टर्नटेबल एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, आणि तो बोर्ड शक्य असेल तर अँपच्याच डिस्ट्रिब्युशनमधून, म्हणजे सगळ्यांचा अर्थ एका जागी येतो. मिक्सर ते अँप एक्सएलआर बॅलन्स्ड लीड वापरा. तरी राहिला तर मिक्सरच्या मास्टर आउटवर ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर लावा. फोनोच्या लीडवर लावू नका, तिथे सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो, आयसोलेटरच हम उचलेल.

बोर्ड लावायच्या आधी मल्टीमीटरने तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढेच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे आला तर अर्थ हवेत आहे. जनरेटरवाल्याला रॉड ठोकायला लावा. कोरड्या वाळूत रॉड काही कामाचा नाही. ओलाव्यापर्यंत खोल ठोका आणि पाणी ओता.

आता दोन्ही डेक एकदम गप्प होण्याचं. दोन्ही एकदम म्हणजे सुईचा संबंध नाही. त्या क्षणी मिक्सरचे दिवे बघा. दिवे मिचकावले तर व्होल्टेज पडतंय. बेसचा अँप आणि मिक्सर एकाच बारीक वायरवर असले की प्रत्येक जोरदार किकला असं होतं. मिक्सर आणि दोन टर्नटेबल मिळून 100 वॅटच्या आत खातात, 600 व्हीएचा साधा यूपीएस पुरतो. मात्र छोट्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी डुलत असेल तर काही यूपीएस बॅटरीवरून परत मेनवर यायलाच तयार होत नाहीत, हे आधी तपासा. दिवे स्थिर आणि तरी आवाज गेला तर दोष यूएसबी किंवा विंडोजचा.

---

सुई_तबकडी

विंडोजचं मी सांगतो. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, त्याच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवण्यासाठी बंद करा" ही खूण काढा. वायफाय, ब्लूटूथ बंद, अपडेट पॉझ. सेराटोतला ऑडिओ बफर 5 मिलिसेकंद असेल तर 10 करा. मिक्समध्ये फरक कळत नाही, स्क्रॅचला किंचित जाणवतो. केबल सरळ लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, हब नको, लांबी दीड-दोन मीटर. यूएसबी 2 ची मर्यादा 5 मीटर आहे, पण मंडपात तेवढ्यावर जाऊच नका.

मिक्सरला दोन यूएसबी पोर्ट आहेत, तर दुसऱ्या पोर्टची केबल लावूनच ठेवा. पहिला पोर्ट रुसला तर लॅपटॉपकडचं टोक बदललं की झालं.

---

नागाव_डेक

हेडशेल बदलून पाहिलं. दोष हेडशेलबरोबर उजवीकडे गेला. हेडशेल बोटाने हलवलं की वर्तुळाची रेघ होते, परत वर्तुळ. पिन काळपट हिरवे दिसतात. बदलूनच टाकू का?

---

खारी_हवा

थांबा, आधी साफ करा. किनाऱ्यावर हे ठरलेलंच आहे, खाऱ्या दमट हवेत चार महिन्यांत पिनावर थर चढतो.

हेडशेलच्या मागचे चार पिन पेन्सिलच्या खोडरबराने हलके घासा, मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीवर घेऊन पुसा. सँडपेपर नको, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंजतो. टोनआर्मच्या तोंडातले चार पिन स्प्रिंगवर असतात, तेही पुसा आणि आत दाबून सोडा, प्रत्येक पिन परत बाहेर यायला हवा. एखादा आतच अडकला असेल तर नवं हेडशेलही तसंच वागेल. हेडशेलच्या मानेवरचा रबरी वॉशर हरवला असेल तर तो टाका, त्याशिवाय कॉलर नीट आवळत नाही.

कार्ट्रिजमागच्या चार वायरींचे चिमटे बघा: पांढरी डावी प्लस, निळी डावी मायनस, लाल उजवी प्लस, हिरवी उजवी मायनस. सैल चिमटा बाहेर काढून पक्कडीने हलका दाबा. कार्ट्रिजवर असताना दाबलात तर पिनच तुटते. तुमच्याकडे हेडशेल-कार्ट्रिज एकसंध असेल तर या वायरी नसतात, फक्त मागचे पिन बघायचे.

वजन कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेलंच ठेवा, बहुतेक डीजे कार्ट्रिजना 3 ग्रॅमच्या आसपास. उडते म्हणून 5 ग्रॅम केलं की सुई आणि तबकडी दोन्ही लवकर झिजतात, मग लंबगोल वर्तुळ कायमचं.

एसी गाडीतून सामान उतरवल्या उतरवल्या चालू करू नका. थंड धातूवर दमट हवेचं पाणी धरतं. अर्धा तास झाकूनच सावलीत ठेवा. संध्याकाळी दव पडायला लागलं की तबकडी मायक्रोफायबरने पुसत राहा. वाळूचा कण खाचेत गेला तर तिथे गाणं प्रत्येक फेऱ्याला अडखळतं, आणि लोक केबल बदलत बसतात.

पेटीत ठेवा: दोन सुया, एक तयार हेडशेल (कार्ट्रिज लावून, वजन तपासून), एक न वापरलेली कंट्रोल तबकडी, यूएसबी केबल, आरसीए जोडी, सिलिका जेलच्या पुड्या. तबकडी सेराटोचीच हवी, ट्रॅक्टर किंवा रेकॉर्डबॉक्स या दुसऱ्या डीजे सॉफ्टवेअरची टाकलीत तर सॉफ्टवेअर वाचणार नाही.

---

जांभा_चिरा

एक भर. फोनवर अर्ध्या तासाचा हळदीचा मिक्स ऑफलाइन, आणि फोन ते आरसीए लीड मिक्सरच्या चॅनेल दोनच्या लाइन इनपुटमध्ये कायम. लॅपटॉप पूर्ण झोपला तर सिलेक्टर यूएसबीवरून लाइनवर, फेडर वर. रीस्टार्टला लागणारी मिनिटं तशीच निघतात. फोन मात्र फ्लाइट मोडवर, नाहीतर नवरीच्या मामाचा फोन सगळ्या गावाला ऐकू येतो.

---

नागाव_डेक

पिन साफ केले, वॉशर टाकला, रेघ बंद झाली. बेसच्या पेट्या आणि बोर्डाचं पुढच्या कामाला करतो. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टसाठी 'फेज' नावाचं वायरलेस उपकरण (सुईऐवजी वापरायचं) घ्यावं का? वाऱ्याने टोनआर्मसुद्धा हलतो.

---

खारी_हवा

डिसेंबरातली कामं नियमित असतील तर घ्या. त्यात सुईच नाही. तबकडीवर बसवलेला रिमोट फिरणं मोजतो आणि रिसीव्हर टाइमकोडचा सिग्नल बनवून मिक्सरच्या इनपुटला देतो. वारा, वाळू, फीडबॅक तिन्ही गेले. पण रिमोट चार्ज करायचे विसरलात तर दोन्ही डेक गेले, म्हणून हेडशेल पेटीत राहू द्या. मिक्सरचं इनपुट रिसीव्हरच्या सेटिंगप्रमाणेच लाइन की फोनो ते जुळवा, आणि सेराटोत एस्टिमेट नव्याने करा. सुईसाठी ठरवलेला थ्रेशोल्ड तिथे लागू होत नाही.

घूं आणि सेकंदभर गप्प होणं मात्र फेजने जाणार नाही, ते वायरमननी सांगितलेल्या बोर्डानेच जाईल.