बीच वृक्ष मूळचा ब्रिटनचाच

ब्रिटनवर स्वारी केलेल्या रोमन सेनानी ज्युलियस सीझरने तिथे बीच नसल्याचं लिहिलं, म्हणून हे झाड रोमनांनी आणलं, असं म्हटलं जातं. ते पटत नाही. सीझरने पाहिला तो आग्नेय कोपरा, तोही धावत्या मोहिमेत. दलदलीच्या थरांत सापडलेले परागकण सांगतात की दक्षिण इंग्लंडमध्ये बीच रोमनांच्या कितीतरी आधी होता. आग्नेय वेल्समध्येही तो मूळचाच. क्लायडाख दरीतली बीचराई त्याच्या नैसर्गिक पट्ट्याच्या पश्चिम टोकाला आहे. उत्तरेकडचे बीच मात्र बहुतेक लावलेले.

मला जास्त मोलाची वाटते ती लंडनजवळची बर्नम बीचेस ही राई. तिथले जुने बीच बुटके, जाडजूड, कित्येक आतून पोकळ. सरपणासाठी फांद्या माणसाच्या डोक्याहून उंचावर छाटायच्या, म्हणजे नवे धुमारे गुरांच्या तोंडी लागत नाहीत. अशा छाटणीनेच ती झाडं शतकानुशतकं टिकली. पुढे कोळसा आला, छाटणी थांबली, फांद्या अवजड होऊन खोडं उभी फाटू लागली. आता एकदम सगळं छाटावं तर म्हातारं झाड मरतं, म्हणून थोडं थोडं, वर्षांच्या अंतराने कापतात. फार चिकाटीचं काम आहे ते! १८८० मध्ये लंडन महापालिकेने ही राई विकत घेतली नसती तर तिथे बंगले उठले असते.

लंडनच्या वायव्येकडच्या चिल्टर्न टेकड्यांतले उंच, सरळ बीच वेगळे. तिथे कारागीर रानातच पायाने चालवायच्या लेथवर (लाकूड फिरवत घडवायच्या यंत्रावर) ओल्या लाकडाचे खुर्चीचे पाय घडवत आणि जवळच्या हाय विकम गावातल्या खुर्च्यांच्या कारखान्यांना विकत.