प्रतिसाद : काळ्या शाईतली गलबते

‘सी ऑफ थीव्ह्ज’ या २०१८ साली आलेल्या समुद्री चाच्यांच्या व्हिडिओ खेळावरचे चित्रपुस्तक (खेळ घडवताना काढलेल्या चित्रांचा संग्रह) म्हणजे निव्वळ महागडी जाहिरात, हे आपण मांडलेले मत मला पटत नाही. साताऱ्यात मी मुलांना चित्रकला शिकवतो आणि अशा पुस्तकांतील रंगीत दृश्यांपेक्षा कच्ची रेखाटने मला अधिक मोलाची वाटतात.

या खेळात जहाजांचे तीन प्रकार ठळक आहेत: लहान स्लूपला एक, मध्यम ब्रिगँटीनला दोन आणि मोठ्या गॅलियनला तीन डोलकाठ्या असतात. त्यामुळे दूरवर नुसती बाह्यरेषा दिसली तरी समोरून कोण येत आहे हे खेळाडू ओळखतो. पडद्याच्या कोपऱ्यात नकाशाही नाही. नकाशावर बेटे पाहायची तर सुकाणू सोडून जहाजावरच्या नकाशाच्या टेबलाशी जावे लागते, म्हणजे चित्रकाराला ते टेबल शोभेसाठी नव्हे, वापरासाठी काढावे लागते. हा विचार शिकण्यासारखा आहे.

मागच्या आठवड्यात मी वर्गात गुराब आणि गलबत ही मराठा आरमारातली दोन जहाजे केवळ काळ्या शाईने भरून काढायला सांगितली. एका मुलीने गुराबेची नाळ (जहाजाचा पुढचा भाग) बुटकी आणि पुढे झेपावणारी काढली, तोंडाशी दोन तोफा ठेवल्या, आणि गलबताला वल्ह्यांची रांग दिली. पाठीमागच्या बाकावरूनही दोन्ही वेगळी कळत होती. कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांनी चाचा ठरवले, पण शाहू महाराजांचे ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. त्यांच्या आरमारावर असा खेळ रचायचा झाल्यास आपल्या चित्रकारांनी सुरुवात याच काळ्या आकृत्यांपासून करावी, असे मला मनापासून वाटते.